गाडी खाली बसवायचीय? स्प्रिंगची निवड सगळ्यात शेवटी करा

स्विफ्ट, बलेनो, आय-२०, पोलो अशी छोटी गाडी थोडी खाली बसवावी, वळणावरचं तिचं झुकणं कमी करावं असं ज्यांच्या मनात येतं, त्यांतले बहुतेक जण पहिला प्रश्न हाच विचारतात: "तीस एमएमची स्प्रिंग घेऊ की चाळीसची?" क्रम इथेच चुकतो. गाडी किती खाली जाणार हा आकडा आधी ठरवायचा नसतो, तो बाकीच्या हिशोबातून निघतो. चाकाला वर-खाली हलायला किती जागा आहे ते मोजायचं, मग शॉकॲब्सॉर्बर ठरवायचा आणि या दोघांना झेपेल ती स्प्रिंग घ्यायची. उलट क्रमाने केलेली गाडी पहिल्या पावसाळ्यातच खडखडू लागते, आणि दोष मात्र स्प्रिंगच्या कंपनीला जातो.

उदाहरण म्हणून २०१८ ते २०२४ या काळात विकलेली पेट्रोल स्विफ्ट घेतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) ही तिची रचना वर सांगितलेल्या बाकीच्या गाड्यांतही आहे. त्यामुळे आकडे बदलले तरी पायऱ्या त्याच राहतात.

## १. तक्रार नेमकी काय, ते कागदावर लिहा

"सस्पेन्शन चांगलं करायचंय" ही तक्रार झाली नाही. पुढच्या चारपैकी तुमची कोणती ते ठरवा.

वळणावर गाडी झुकते. ब्रेक मारला की नाक खाली जातं. महामार्गावर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा उसळत राहते. चाक आणि फेंडर यांच्यातली फट डोळ्यांना खुपते.

उसळत राहणं हा जवळजवळ नेहमीच थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरचा दोष असतो. नाक खाली जाण्यात शॉकॲब्सॉर्बरसोबत लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधेही सामील असतात. झुकण्यावर आधी टायर पाहायचे, मग अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं आवरणारी सळई), त्यानंतर स्प्रिंग. निव्वळ स्प्रिंगने सुटणारी तक्रार एकच, ती म्हणजे फट.

टायरचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. दोन्हींचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, पण पहिल्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच आहे आणि दुसऱ्याची १२०. उंच आणि अरुंद टायर वळणावर आडवा दबतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं की गाडीच झुकतेय. चौदा इंची चाकांवर फिरणाऱ्या गाडीला कंपनीच्याच वरच्या मॉडेलची रिम आणि टायर लावून आठवडाभर चालवा. स्प्रिंगचा विचार मागे पडला, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

## २. कागदपत्रांची बाजू आधी उरका

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणून सुटे भाग घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मिळवा. दुकानदाराचं "काही होत नाही" हे उत्तर धरू नका, कारण अपघाताच्या दाव्याच्या वेळी तो शेजारी उभा नसतो. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनची वॉरंटी जाईल असं धरूनच पुढे जा.

## ३. जुनं सस्पेन्शन धडधाकट आहे का?

झिजलेल्या भागांवर नवी कडक स्प्रिंग बसवली की झीज आवाज करू लागते. पुढची तपासणी गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावूनच करा.

- स्ट्रट माउंट आणि त्याचं बेअरिंग: बॉनेट उघडा, वरच्या माउंटवर हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. टुक्-टुक् लागलं किंवा स्प्रिंग अडकून एकदम सुटल्यासारखी फिरली, तर बेअरिंग गेलं.
- लिंक रॉड (अँटी-रोल बारला स्ट्रटशी जोडणारी): हाताने हलवून पाहा. जरा जरी खेळ असेल तर बदला, स्वस्त भाग आहे.
- लोअर आर्मचे बुश: टॉर्च मारून रबराला चिरा आहेत का ते बघा. मागच्या बाजूचा मोठा बुश आधी फाटतो.
- बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड: चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे.
- शॉकॲब्सॉर्बर: तेलाचा ओघळ दिसला तर विषय संपला. ओघळ नसेल तरी तो ठणठणीत आहे असं समजू नका. ६०–७० हजार किलोमीटर चाललेला शॉकॲब्सॉर्बर नव्या स्प्रिंगसोबत पुन्हा वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. तसं केलं तर तेच सगळं काम दुसऱ्यांदा उघडावं लागतं.

तपासा: यातला एखादा भाग बदलावा लागला तर तो बदलून निदान शंभर किलोमीटर चालवा, आणि पहिल्या पायरीतली तक्रार अजून आहे का ते पुन्हा बघा.

## ४. मोजमाप

बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. टेप, वही, चार केबल टाय आणि दोन तास एवढंच लागतं.

उंची. गाडी सपाट फरशीवर लावा. सोसायटीचं पार्किंग दिसायला सपाट असतं, पण पाणी वाहून जायला त्याला उतार दिलेला असतो. एकदा लेव्हल लावून बघा. टायरमध्ये नेमकी हवा, टाकी अर्धी, डिकी रिकामी. चारही कोपरे हाताने दाबून सोडा, गाडी दोन मीटर पुढे-मागे करा आणि मग मोजा. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीजही आकड्यात मिसळते.

भाराखालची उंची. आता गाडीत चार माणसं बसवा, डिकीत गावाला जाताना असतं तेवढं सामान ठेवा आणि तीच चार मापं पुन्हा घ्या. दोन्ही मापांतला फरक नीट लिहून ठेवा. मागची बाजू सहज ३५–४० मिलिमीटर दबलेली दिसते. कंपनी सांगते तो १६३ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची जागा) रिकाम्या गाडीचा आहे. तुमचा सहलीचा क्लिअरन्स त्याहून बराच कमी असतो.

बंप स्टॉपपर्यंतची जागा. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर फोमचा किंवा रबराचा एक ठोकळा असतो, तो बंप स्टॉप. गाडी चाकांवर उभी असतानाच स्टिअरिंग पूर्ण वळवा, धूळ-आवरण वर सरकवा आणि शॉकॲब्सॉर्बरच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत पट्टी लावून मोजा.

वापरात येणारी जागा. चकचकीत दांड्यावर प्लास्टिकचा केबल टाय सैलसर आवळा आणि तो खाली शॉकॲब्सॉर्बरच्या तोंडाला टेकवा. मग आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा: ऑफिस, भाजी, आणि एक फेरी घाटात. चाक वर येताना टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच थांबतो. टाय आणि बंप स्टॉप यांच्यात उरलेलं अंतर ही तुमची खरी शिल्लक. टाय बंप स्टॉपवर दाबला गेला असेल तर मूळ उंचीवरच जागा संपतेय.

सावधान: टाय काढताना ब्लेड लावू नका. दांड्यावर ओरखडा पडला की सील तेल सोडू लागतं. छोट्या कटरने कापा.

## ५. किती खाली जाता येईल?

आता या मापांवरून हिशोब करू. समजा, बंप स्टॉपपर्यंत ५० मिलिमीटर जागा आहे आणि मूळ स्प्रिंगची ताकद २० न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमचे वेगळे असतील.

खड्ड्यातून आलेला धक्का झेलताना स्प्रिंगला बंप स्टॉपच्या आधी जास्तीची किती ऊर्जा पचवता येते, ते असं काढतात: ताकदीची निम्मी गुणिले अंतराचा वर्ग. मूळ अवस्थेत हे २५ ज्यूल येतं. आता गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली आणि स्प्रिंग २५ न्यूटनची, म्हणजे पाव पट जास्त कडक लावली. अंतर उरलं २० मिलिमीटर, आणि ऊर्जा ५ ज्यूल. एक पंचमांश! तेवढ्या अंतरात पुन्हा २५ ज्यूल पचवायचे तर स्प्रिंग १२५ न्यूटनची लागेल. तशी गाडी रस्त्यावर कोणी चालवू शकणार नाही.

ताकद वाढवून मिळणारा फायदा सरळ पटीत वाढतो, पण जागा कमी झाल्याचा तोटा वर्गाने वाढतो. "खाली केली पण स्प्रिंग कडक आहे ना, मग बंप स्टॉपला आदळणार नाही" हे म्हणणं इथे कोसळतं. तीच गाडी १५ मिलिमीटर खाली घेऊन २२ न्यूटनची स्प्रिंग लावली तर साधारण १३.५ ज्यूल, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता टिकते. बंप स्टॉपचा फोमही थोडा धक्का घेतो, पण ते त्याचं रोजचं काम नाही.

दुसरी मर्यादा पुढच्या स्ट्रटच्या रचनेची. मूळ उंचीवर लोअर आर्म साधारण आडवा असतो किंवा चाकाकडे किंचित उतरता. गाडी खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. तसं झालं की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या वजनकेंद्रापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि तेच झुकवणाऱ्या जोराचा दांडा लांब करतं. त्यामुळे फार खाली घेतलेली स्ट्रटची गाडी मऊ स्प्रिंगवर मूळ गाडीपेक्षा जास्तही झुकू शकते. टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं, ते वेगळंच.

तपासा: गाडी चाकांवर असताना बाजूने वाकून लोअर आर्म बघा. तो आत्ताच आडवा असेल तर पुढून १५–२० मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नका.

तिसरी मर्यादा गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मिलिमीटर. दोन्ही चाकं त्या गतिरोधकावर असताना मधला उंचवटा पोटाकडे जेमतेम ४४ मिलिमीटर येतो, म्हणजे नियमातला गतिरोधक खाली केलेल्या गाडीलाही लागणार नाही. त्रास देतो तो गल्लीत डांबराचा ओतलेला अरुंद उंचवटा. पुढची चाकं तो ओलांडतात, मागची अजून आलेली नसतात, आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक मोजा. भाराखालच्या क्लिअरन्समधून ती उंची वजा करा. उरलेल्यातले २५ मिलिमीटर तरी हलण्या-डुलण्यासाठी सोडायला हवेत.

या तीन मर्यादांतला सगळ्यात लहान आकडा हा तुमचा आकडा. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर कुटुंबासकट फिरणाऱ्या स्विफ्टसाठी तो पुढे १५ ते २५ आणि मागे शून्य ते १५ यांच्यात निघतो, असा माझा अनुभव. चाळीस कधीच निघालेला नाही.

## ६. शॉकॲब्सॉर्बर

स्प्रिंग पाव पट कडक झाली की तिला आवरायला शॉकॲब्सॉर्बरचा जोर साधारण १२ टक्के जास्त लागतो. एवढा फरक कंपनीचा नवा शॉकॲब्सॉर्बर बऱ्यापैकी सांभाळतो. स्प्रिंग त्याहून कडक असेल तर जोडीने बनवलेला सेटच घ्या.

जोरापेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते लांबीकडे. बिल्स्टीन या शॉकॲब्सॉर्बरच्या कंपनीची रचना उदाहरणासाठी चांगली आहे: बी४ म्हणजे मूळ बदली भाग, बी६ म्हणजे मूळ लांबीचा पण जास्त जोराचा, आणि बी८ हा खाली केलेल्या गाडीसाठी मुद्दाम आखूड केलेला. आखूड दांड्यामुळे दोन गोष्टी साधतात. चाक लटकलं तरी आखूड स्प्रिंग तिच्या जागेत घट्ट राहते, आणि शॉकॲब्सॉर्बर आतल्या तळाला आदळत नाही. २० मिलिमीटरपर्यंत मूळ लांबी बहुतेक चालते. त्यापुढे आखूड शॉकॲब्सॉर्बर हवाच.

कॉइलओव्हरबद्दल, म्हणजे आट्यांवरची रिंग फिरवून उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीबद्दल, थोडक्यात. वारंवार उंची बदलणार नसाल आणि वर्षातून दोनदा आटे साफ करून ग्रीस लावणार नसाल तर घेऊ नका. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत न हलवलेली रिंग दोन पावसाळ्यांत जखडते. घेतलेच, तर खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येणारा प्रकार घ्या. नुसती स्प्रिंगची बैठक खाली-वर होणाऱ्या प्रकारात उंची कमी करता करता स्प्रिंगच सैल पडते.

## ७. आता स्प्रिंग

इथवर आल्यावर निवड फारशी उरत नाही, आणि तेच अपेक्षित आहे. विकत घेण्याआधी एवढं जुळवा:

पिढी आणि इंजिन. भारतात स्विफ्ट २००५, २०११, २०१८ आणि २०२४ अशा चार पिढ्यांत आली. एकीची स्प्रिंग दुसरीला बसतेच असं नाही. डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा जवळपास १०० किलोने जड, आणि ते वजन मुख्यतः पुढे. डिझेलसाठी बनवलेली पुढची स्प्रिंग पेट्रोल गाडीत लावली तर नाक वर राहतं. उलट केलं तर गाडी बंप स्टॉपवरच टेकते.

खोक्यावरचा आकडा कुठल्या गाडीचा? आयबाख किंवा एच अँड आर या जर्मन कंपन्यांच्या स्प्रिंगवर "३० मिलिमीटर" लिहिलेलं असतं ते त्या बाजारातल्या मूळ उंचीवरून. भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच बसवलेली होती, म्हणून तीच स्प्रिंग इथे जास्त खाली नेते. विक्रेत्याकडून स्प्रिंगची मोकळी लांबी आणि ताकद मागा. जर्मन स्प्रिंगसोबत येणाऱ्या ट्यूफच्या (जर्मन तपासणी संस्थेच्या) कागदात पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचा कमाल भारही दिलेला असतो, तो तुमच्या भरलेल्या गाडीशी ताडून बघा.

सरळ की वाढत्या ताकदीची. ज्या स्प्रिंगचे काही वेढे जवळजवळ असतात ती सुरुवातीला मऊ आणि दाबल्यावर कडक होत जाते. रोजच्या गाडीला हीच बरी. एकसारख्या ताकदीची स्प्रिंग हातात नेमकं काय चाललंय ते चांगलं कळवते, पण ती शॉकॲब्सॉर्बरशी अचूक जुळावी लागते.

लटकत्या चाकाची परीक्षा. नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी शॉकॲब्सॉर्बर पूर्ण उघडल्यावर दोन बैठकांमध्ये राहणाऱ्या अंतरापेक्षा जास्तच हवी. कमी असेल तर चाक हवेत गेल्यावर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकते. अशी स्प्रिंग घेऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो.

सावधान: वेढा कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली करू नका. कापलेल्या टोकाला बैठक उरत नाही आणि लटकत्या चाकाच्या परीक्षेत ती स्प्रिंग हटकून नापास होते. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं. मग ती स्प्रिंग हळूहळू बसत जाते किंवा एके दिवशी तुटते. ओळखीच्या एका गाडीत कापलेली मागची स्प्रिंग गतिरोधकावर बैठकीतून निघून आडवी झाली होती. गाडीत दोन लहान मुलं होती. वेग कमी होता म्हणून निभावलं.

सोबत नवे बंप स्टॉप, धूळ-आवरणं, वरच्या-खालच्या रबरी बैठका आणि वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले नट घ्या. बंप स्टॉप किती आखूड करायचा हे स्प्रिंगच्या कागदावर असेल तेवढाच करा, अंदाजाने नाही. टायरची भिंत याच वेळी कमी करू नका. १९५/५५ आर१६ चा व्यास मूळ पंधरा इंची टायरएवढाच भरतो, पण भिंत १०७ मिलिमीटरवर येते. सस्पेन्शनची जागा कमी करताना टायरचीही उशी काढली तर धक्का थेट रिमला बसतो.

## ८. बसवणी

घरी करायचं तर स्ट्रट उतरवून स्प्रिंग बदलण्यापुरतं काम गॅरेजमधल्या भिंतीवरच्या किंवा स्टँडच्या स्प्रिंग दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर करून घ्या. मेकॅनिककडूनच सगळं करून घेणार असाल तरी हा क्रम माहीत असू द्या आणि शेजारी उभे राहा.

पुढची बाजू, एका वेळी एकच. दुसरी बाजू नमुना म्हणून जशीच्या तशी ठेवा.

१. काम सुरू करण्याआधी गाडी भिंतीसमोर ठरावीक अंतरावर उभी करून हेडलाइटच्या प्रकाशाची वरची कड जिथे पडते तिथे भिंतीवर टेप चिकटवून ठेवा. हे नंतर करता येत नाही.

२. मागच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल. मग जॅक, मग स्टँड.

३. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवा. लिंक रॉडचा नट काढा.

४. स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) जिथे जोडला जातो तिथे दोन्हींवर रंगाने खूण करा. जुना कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कललेला कोन) परत मिळवायला ती लागते. लोअर आर्मखाली जॅक टेकवा, दोन बोल्ट काढा आणि नकल लगेच तारेने बांधा.

सावधान: नकल बाहेर कलंडू दिला तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट सुटू शकतो, आणि ब्रेकच्या होजला ताण बसतो.

५. वरचे माउंटचे नट शेवटी, दुसऱ्या हाताने स्ट्रट धरून.

६. स्प्रिंग कॉम्प्रेस करा. हुकांचा कॉम्प्रेसर असेल तर दोन्ही हुक बरोबर समोरासमोर, आळीपाळीने थोडे-थोडे फिरवा. इम्पॅक्ट गन नाही. वरचं माउंट हाताने मोकळं फिरू लागेपर्यंत मधल्या नटला हात लावायचा नाही. स्प्रिंगच्या सरळ रेषेत कोणाचंही डोकं असता कामा नये. या कामातला जिवावर बेतू शकणारा टप्पा हाच.

७. नवी स्प्रिंग ठेवताना तिच्यावरची छापील अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत. तिचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकवा. मधला नट गनने फिरवू नका, दांडा षटकोनी पान्याने धरून हाताने आवळा.

८. स्ट्रट परत चढवा, खुणा जुळवा, होज आणि वायर पूर्वीच्याच क्लिपांत अडकवा, आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) बोल्ट आवळा.

मागची बाजू सोपी, कारण स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर वेगळे आहेत. बीमखाली जॅक लावा, दोन्ही शॉकॲब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढा आणि बीम हळूहळू उतरवा. ब्रेकचे होज आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे दुसऱ्या माणसाने बघत राहायचं. स्प्रिंग हाताने निघते. रबरी बैठका नव्या स्प्रिंगवर नीट बसवा आणि टोक जागेवर आहे का ते आरशाने किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने बघा.

सगळ्यात जास्त होणारी चूक: रबरी बुशमधून जाणारे बोल्ट चाक लटकलेलं असतानाच आवळणं. लोअर आर्मचे बोल्ट, मागच्या बीमचे पुढचे बोल्ट आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट यांत मोडतात. लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळून बसतं, कायम ताणात राहतं आणि वर्षभरात फाटतं. गाडी नेहमीपेक्षा थोडी उंचही दिसते. नवी उंची ठरल्यावर, आधी न उघडलेले बुशचे बोल्टसुद्धा एकदा सैल करून, गाडीचा भार चाकांवर असताना पुन्हा आवळायचे. पिट किंवा रॅम्प त्यासाठी लागतो. मेकॅनिककडून करून घेताना ही अट आधीच सांगा.

## ९. रस्त्यावर नेण्याआधी

स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर, होज, वायर कुठे घासत नाहीत ना ते बघा. चौथ्या पायरीतली मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्याने आला असेल तर एखादं टोक बैठकीत बसलेलं नाही. गाडी हलवू नका, उघडून बघा.

भिंतीवरच्या टेपसमोर गाडी त्याच अंतरावर लावा. पुढची बाजू जास्त खाली गेली असेल तर प्रकाश रस्त्यात आधीच संपतो, मागची जास्त गेली असेल तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी एकसारखी खाली आली असेल तर कड तेवढीच खाली सरकलेली दिसेल, ते ठीक. बाकी फरक हेडलाइटच्या स्क्रूने काढा. डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं बटण भारासाठी मोकळं राहू द्या.

त्याच दिवशी टो, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते, तपासून घ्या. खाली आलेल्या स्ट्रटच्या गाडीत टो हमखास बदलतो आणि चुकीचा टो काही शे किलोमीटरांत टायरची कड खातो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील रिपोर्ट मागा. मागच्या टॉर्शन बीमवर टो-कॅम्बर जुळवायची सोय नाही. मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर बीम वाकला आहे किंवा बुश गेला आहे, स्प्रिंगला दोष देऊ नका.

## १०. पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. या काळात गाडीत दोनच माणसं, आणि घाट नको. स्प्रिंग काही मिलिमीटर बसते, म्हणून अंतिम अलाइनमेंट ३०० ते ५०० किलोमीटरनंतर करायचं.

अलाइनमेंट झाल्यावर केबल टाय पुन्हा लावा आणि ठरलेली एकच फेरी दोनदा मारा. पुण्यात असाल तर सातारा रस्त्याने खंबाटकीपर्यंत जाऊन परत येणं पुरेसं आहे: महामार्ग, पुलांचे जोड आणि वळणं सगळं मिळतं. पहिली फेरी एकट्याने, दुसरी चार माणसांसह. दुसऱ्या फेरीनंतर टाय आणि बंप स्टॉप यांच्यात १० मिलिमीटर तरी उरले तर निवड बरोबर आहे. टाय बंप स्टॉपवर दाबला गेला असेल तर बंप स्टॉप आणखी कापण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. थोडी उंच स्प्रिंग घ्या, किंवा मागे मूळ स्प्रिंग परत लावा. पुढे नवी आणि मागे मूळ, ही जोडी कुटुंबाच्या गाडीला पुष्कळदा सगळ्यात छान चालते, फक्त हेडलाइट आणि अलाइनमेंट पुन्हा बघावं लागतं.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, माउंट आणि बंप स्टॉप फेकू नका, गॅरेजलाही देऊ नका. पुसून, तेलाचा हात देऊन, पुढची-मागची आणि डावी-उजवी अशी चिठ्ठी बांधून गोणीत ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओने आक्षेप घेतला तर त्या लागतील.